आषाढात डावीकडे, वैशाखात दोन ठिकाणी: एका .३१५ रायफलीचं प्रकरण

जुलै २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात अमळनेर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा फोन आला. ओळख जुनी, मी त्यांना आप्पा म्हणतो. वरणगावच्या आयुध निर्माणीत काडतुसांच्या तपासणीवर माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे बंदुकीचं काही बिनसलं की त्यांना माझी आठवण होते. त्या दिवशी आवाजात काळजी होती.

"भाऊ, बंदूक तीच शे, गोया त्याच शेतस, मंग निशाना कसाकाय सरकना?" म्हणजे बंदूक तीच, गोळ्या त्याच, मग निशाणा सरकला कसा?

रायफल त्यांच्या वडिलांची, वारसाने परवाना आप्पांच्या नावावर आलेला. इच्छापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेली .३१५ बोअरची बोल्ट रायफल, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट ओढून भरायची. आपल्याकडे परवानाधारकांकडे सर्रास दिसते तीच. तिची घडण जुन्या ब्रिटिश फौजी ली-एन्फिल्ड रायफलीची, म्हणजे लाकूड दोन तुकड्यांत: खांद्याला लागतो तो दस्ता वेगळा आणि नळीखालचं पुढचं लाकूड वेगळं. हे दोन तुकडे पुढच्या सगळ्या हकिकतीत महत्त्वाचे आहेत, कारण या रायफलीत बिघाड लोखंडात नव्हताच.

लोकसभेची आचारसंहिता १६ मार्च २०२४ ला लागली आणि ज्या परवानाधारकांना आदेश आले त्यांनी शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा केली. आप्पांची रायफलही गेली. जळगाव मतदारसंघात मतदान १३ मे रोजी झालं, आचारसंहिता ६ जूनला उठली, आणि कागदपत्रं होऊन रायफल हातात आली तेव्हा जून संपत आला होता. म्हणजे खान्देशातला पूर्ण उन्हाळा आणि पावसाची पहिली सर, दोन्ही तिने रॅकमध्ये उभ्याने काढली. आप्पांच्या भाऊबंदांचं मत एकच पडलं: ठाण्यात कोणीतरी पाडली असणार. मी रायफल पाहिल्यावर ते मत मला अजिबात पटलं नाही, आणि ते का पटलं नाही हे सांगणं त्या ठाण्यातल्या लोकांच्या दृष्टीनेही न्यायाचं आहे. माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुंटीवर, ओरखडा नव्हता, नळीचं तोंड स्वच्छ, गोल आणि पोचा न पडलेलं होतं, दस्त्यावर नवा घाव नव्हता. मागच्या साइटवर, म्हणजे नेमाच्या खाचेवर, कारखान्यातल्या छिन्नीची खूण होती तशीच जुळत होती.

आप्पांची एक सवय इथे फार उपयोगी पडली. वर्षातून एकदा, बहुधा माघात, ते परवानगी असलेल्या रेंजवर जाऊन ५० मीटरवर ५ गोळ्या झाडतात आणि तो कागद तारीख घालून पेटीत ठेवतात. फेब्रुवारी २०२४ चा कागद होता. ५ छिद्रं, सगळी मिळून ५ सेंटिमीटरच्या आत, मध्याच्या किंचित वर. उघड्या साइटच्या (दुर्बीण नसलेल्या), साठीतल्या माणसाने वाळूच्या पिशवीवरून झाडलेल्या .३१५ साठी हे चांगलंच आहे. तो कागद नसता तर रायफल "आधी कशी होती" हे प्रत्येकाने आपापल्या आठवणीने सांगितलं असतं आणि आम्ही तिथेच अडकलो असतो.

काडतुसं मोजकी होती. परवान्यावर वर्षाला ठरावीक मिळतात, महाग आहेत, आणि जुन्या पेटीतली ४० शिल्लक होती. एकाच पेटीतली असल्याने काडतुसांचा फरक आपोआप बाजूला पडत होता, म्हणून मी ठरवलं की या प्रकरणात दुसरी पेटी उघडायचीच नाही. एका वेळी ५, त्याहून जास्त नाही.

पहिल्या ५ आप्पांनी एकामागून एक, नेहमीच्या चालीने झाडल्या. पहिली मध्यापासून ६ सेंटिमीटर डावीकडे लागली. दुसरी त्याच्या आणखी डावीकडे. पाचवी जवळजवळ १५ सेंटिमीटर डावीकडे आणि थोडी वर. छिद्रं विखुरलेली नव्हती, ती ओळीने चालत गेली होती. हा फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. नेमबाजाची नजर किंवा हात चुकला तर छिद्रं कुठेही पडतात. ओळीने सरकतात तेव्हा काहीतरी हळूहळू बदलत असतं, आणि झाडताना हळूहळू बदलणारी गोष्ट म्हणजे नळीचं तापमान.

म्हणून पुढच्या ५ आम्ही दर गोळीनंतर दहा मिनिटं थांबून झाडल्या. नळी हाताला गार लागेपर्यंत रायफल सावलीत ठेवायची, मग पुढची. तासभर गेला. आप्पांना हे अती वाटत होतं, पण कागद पाहून त्यांनीच मान हलवली: पाचही ७ सेंटिमीटरच्या आत, पण सगळ्या डावीकडे. गार नळीला रायफल एकाच जागी मारत होती, फक्त ती जागा चुकीची होती. नजर ठीक, काडतुसं ठीक. नळीला कुठेतरी काहीतरी टेकत होतं.

यानंतर एक पोस्टकार्ड घेतलं. त्याची बोटभर रुंद पट्टी कापून नळी आणि पुढचं लाकूड यांच्या फटीत टोकाकडून सरकवली. डाव्या बाजूने पट्टी सहज आत गेली. उजव्या बाजूने टोकापासून साधारण ५ सेंटिमीटरवर अडकली ती अडकलीच. नुसता कागद घेतला तरी तिथे जाईना. उजवी भिंत नळीला घट्ट चिकटली होती.

आता ही भिंत नळीला टेकली म्हणून गोळी डावीकडे का जावी, याचं उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. बहुतेक जण म्हणतात, लाकडाने नळी डावीकडे वाकवली म्हणून गोळी डावीकडे. पण माशी नळीवरच बसलेली असते. नळी केसभर डावीकडे वाकली तर माशीही तिच्यासोबत जाते, नेमबाज नेम धरताना पूर्ण रायफल तेवढी उजवीकडे वळवतो, आणि वाकण्याचा बराचसा परिणाम तिथल्या तिथे फिटतो. खरा घोटाळा गोळी सुटताना होतो. काडतूस पेटल्यापासून गोळी तोंडातून बाहेर पडेपर्यंत जेमतेम एक-दीड हजारांश सेकंद जातो, पण तेवढ्यात नळी छेडलेल्या तारेसारखी थरथरते. एका बाजूला लाकडाची भिंत असेल तर ती त्या बाजूला जाऊ शकत नाही, भिंतीवर आपटून उलट दिशेला उसळते. गोळी नेमकी त्याच क्षणी बाहेर पडते. नळी तापली की ती लांबीने आणि जाडीने थोडी वाढते, भिंतीवरचा दाब वाढतो, उसळी वाढते. म्हणून पहिली ६ सेंटिमीटरवर आणि पाचवी १५ वर.

यावरून "लाकूड नळीला कुठेच टेकता कामा नये" असा नियम काढायचा मोह होतो. मी तो काढणार नाही. युद्धकाळातल्या क्रमांक ४ ली-एन्फिल्डमध्ये पुढचं लाकूड टोकाशी नळीला मुद्दाम खालून वर दाबतं, साधारण एक ते तीन किलोच्या जोराने, आणि ती रायफल तशीच चांगली मारते. प्रश्न लाकूड टेकण्याचा नाही. ते दर गोळीला, दर ऋतूला सारखंच टेकतं का, हा प्रश्न आहे. बाजूच्या भिंतीचा दाब कधीच सारखा राहत नाही.

भिंत आत कशी आली

शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे बंदूक दुरुस्तीलाही परवाना लागतो, त्यामुळे पुढचं सगळं काम जिल्ह्याच्या ठिकाणी परवाना असलेल्या मिस्त्रींच्या दुकानात, आप्पा समोर बसलेले असताना झालं. मिस्त्री माझ्याहून वयाने मोठे, हात अतिशय हलका. त्यांनी ट्रिगर गार्डचा पुढचा मोठा स्क्रू काढला, पुढचं लाकूड खाली घेतलं आणि काही न बोलता माझ्याकडे उलटं धरलं.

बाहेरून ते लाकूड आरशासारखं. आप्पा दर दिवाळीला त्याला जवसाचं तेल चोळतात. आतली बाजू मात्र, म्हणजे नळी बसते ती पन्हळ, पूर्ण कोरी. रंध्रं उघडी, लाकूड फिकट. ही चूक मी इतक्या रायफलींत पाहिली आहे की आता ती न दिसली तर आश्चर्य वाटतं. माणूस दिसतं ते सजवतो आणि दमट हवा न दिसणाऱ्या बाजूने आत शिरते. शिवाय जवसाचं तेल लाकडाला रूप देतं, पण ओलावा फारसा अडवत नाही, हेही आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही.

अक्रोडाचं लाकूड लांबीत जवळपास बदलत नाही, रुंदीत बदलतं. त्यातला ओलावा एक टक्का वाढला की आडव्या दिशेने ते साधारण पाव टक्का फुगतं. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास आणि हवा भाजलेली, तेव्हा लाकडातला ओलावा चार-पाच टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. आषाढात तेच लाकूड काही आठवडे उघड्या हवेत राहिलं तर ओलावा पंधराच्या आसपास जातो. दहा टक्क्यांचा फरक धरला तर साडेचार सेंटिमीटर रुंदीच्या लाकडात एक मिलिमीटरहून जास्त हालचाल होते. तेल-वार्निशामुळे प्रत्यक्षात ती कमी होते, पण इथे नळी आणि भिंत यांच्यात मुळातच पोस्टकार्डाएवढी फट होती. घराची दारं पावसाळ्यात चौकटीला घासतात ती याच कारणाने. कोकणात हवा वर्षभर दमट, लाकूड एका ठिकाणी स्थिरावतं. आपल्याकडे ते दरवर्षी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातं, आणि माझ्या मते खान्देशातल्या रायफलींची निम्मी दुखणी इथून सुरू होतात.

दुसरी गोष्ट मिस्त्रींनी नखाने दाखवली. पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला, आतल्या बाजूला दोन छोटे उतरते पृष्ठभाग असतात. रायफल धक्क्याने मागे येते तेव्हा लोखंड याच दोन जागांवर टेकून पुढच्या लाकडाला आपल्यासोबत ओढतं. ते दोन्ही एकसारखे टेकले पाहिजेत. इथे लाकूड काळं, तेलकट आणि मऊ झालं होतं, नखाचा वळ उठत होता. डावीकडचा भाग चेपून फट पडली होती.

आप्पांना विचारलं तेव्हा कळलं की जमा करण्याआधी त्यांनी रायफलीला भरपूर तेल दिलं होतं. महिनोन् महिने पडून राहणार, गंज नको म्हणून. रायफल रॅकमध्ये तोंड वर करून उभी होती. उन्हाळ्याच्या उष्णतेने तेल पातळ झालं, नळीवरून आणि बोल्टच्या घरातून ओघळत खाली आलं आणि लाकडाच्या नेमक्या त्या टोकात मुरलं. आप्पा बराच वेळ गप्प बसले. माणसाने जीव लावून केलेल्या गोष्टीतून असं झालं की त्याला काय सांगायचं हे मला सुचत नव्हतं. मिस्त्रींनीच चहा मागवला.

कामाला चार दिवस लागले. आधी तेल काढणं, कारण तेलकट लाकडाला काहीच चिकटत नाही. खडूची बारीक पूड ॲसिटोनमध्ये कालवून लेप द्यायचा, वाळला की तपकिरी झालेली पूड झटकायची, पुन्हा लेप. पूड पांढरी राहायला लागेपर्यंत हे सात वेळा केलं. मग चेपलेल्या दोन जागांवर अराल्डाइटचा पातळ थर, लोखंडाला आधी मेण लावलेलं, म्हणजे ते चिकटू नये. रात्रभर जागचं हलवलं नाही. सकाळी सुटं केलं तेव्हा दोन्ही पृष्ठभागांवर लोखंडाचा ठसा स्वच्छ उमटला होता.

भिंतीसाठी काजळ वापरलं. पणतीवर धरलेल्या पत्र्याची काजळी तेलाच्या बोटाने नळीला लावायची, लाकूड बसवून स्क्रू आवळायचा, पुन्हा काढायचं. जिथे काळं उमटतं तिथे टेकतं. गोल दांडीला गुंडाळलेल्या सँडपेपरने मिस्त्री तेवढंच घासत होते. पुन्हा काजळ, पुन्हा घासणं. शेवटी पोस्टकार्डाची दुहेरी पट्टी टोकापासून मागे, नळीच्या जाड भागापर्यंत दोन्ही बाजूंनी सारखी फिरली. नळीचा मागचा जाड भाग मात्र लाकडावर पूर्ण टेकलेला ठेवला. मग पन्हळीच्या आत, स्क्रूच्या भोकांतसुद्धा, वार्निशाचे तीन पातळ हात.

ऑगस्टमध्ये, कानबाई (खान्देशातला श्रावणातला सण) उठल्यावरच्या आठवड्यात, रेंजवर ५ गोळ्या: ५ सेंटिमीटर, मध्यावर. नळीच्या पुढच्या टोकाखाली पुठ्ठ्याची घडी घालून, खालून वर दाब देऊन आणखी ५ पाहिल्या. छिद्रांचा गट थोडा मोठा झाला, म्हणून घडी काढून टाकली.

ऑक्टोबरमध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली आणि रायफल पुन्हा ठाण्यात गेली. या वेळी आप्पांनी तेलाचा बोळा फक्त लोखंडावर फिरवून कोरड्या फडक्याने पुसून दिली. २० नोव्हेंबरला मतदान, डिसेंबरमध्ये रायफल परत. ५ गोळ्या, साडेपाच सेंटिमीटर, जागेवर. मी माझ्या वहीत "प्रकरण मिटलं" असं लिहिलं.

वैशाख

ते मिटलं नव्हतं. चूक माझी होती. मी पावसाळ्यात तपासलं, पावसाळ्यात दुरुस्त केलं आणि हिवाळ्यात खात्री केली. आपला खरा ऋतू तर बाकी होता.

२०२५ ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३० एप्रिलला होती. दोन दिवसांनी आम्ही रेंजवर गेलो, तेही आप्पांनी नेहमीप्रमाणे आग्रह केला म्हणून. मार्च आणि एप्रिलच्या झळांनी शेतातली ढेकळं फुटत होती. ५ गोळ्या झाडल्या आणि कागदावर दोन गट: तीन छिद्रं वर, नाण्याएवढ्या जागेत, दोन खाली, एकमेकांना लागून. दोन गटांत ९ सेंटिमीटरचं अंतर. डावी-उजवीकडे काहीच नाही.

पोस्टकार्ड दोन्ही बाजूंनी मोकळं फिरलं. स्क्रू तपासला, घट्ट. मी पुन्हा तपासला, तरीही घट्ट. मग मिस्त्रींकडे गेलो, आणि त्यांनी लाकूड आणि नळी यांच्या सांध्यावर बोट ठेवून दुसऱ्या हाताने पुढचं टोक हलकेच वर-खाली केलं. "बोट ठेवा," म्हणाले. लाकूड हलत होतं. डोळ्यांना दिसत नव्हतं, बोटाला कळत होतं. स्क्रू घट्ट आणि लाकूड सैल.

मला हे पटकन उमगलं नाही. उमगलं आप्पांना. ते बाकावरून म्हणाले, "उन्हाळामा गाडानं चाक सुकस, धाव ढिली पडस. तसंच व्हई हाई."

अगदी तसंच होतं. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव आहे तेवढीच राहते, आतलं लाकूड सुकून आक्रसतं, मग आपण चाक नदीत भिजत घालतो. या रायफलीत पुढच्या मोठ्या स्क्रूभोवती, लाकडाच्या भोकात, एक छोटी लोखंडी नळकांडी असते. मिस्त्री तिला कॉलर म्हणतात. स्क्रू कितीही आवळला तरी लाकूड चिरडू नये म्हणून ती असते: लोखंड लोखंडाला टेकलं की आवळणं थांबतं. कॉलर लाकडाच्या जाडीपेक्षा केसभर आखूड हवी, म्हणजे लाकूड आधी दाबलं जातं आणि मग ती टेकते. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असल्याने तसं होतही होतं, आणि म्हणून जुलैत मला काही खटकलं नाही. उन्हाळ्यात तिथली बोटभर जाडी पाव मिलिमीटरने कमी झाली, कॉलर लाकडापेक्षा उंच ठरली. स्क्रू कॉलरवर घट्ट बसला आणि लाकूड मध्ये मोकळं राहिलं. दर धक्क्याला ते वर किंवा खाली, दोनपैकी एका जागी जाऊन बसे. कागदावरचे दोन गट म्हणजे त्या दोन जागा.

काही जण अशा वेळी कॉलर काढून फेकून देतात आणि स्क्रू दम लावून आवळतात. कृपा करून असं करू नका. दोन-तीन पावसाळ्यांत लाकूड चिरडतं आणि मग सगळं पुढचं लाकूडच बदलावं लागतं, जे या रायफलीसाठी मिळणं सोपं नाही. मिस्त्रींनी कॉलर बारीक कानशीवर सपाट घासली, व्हर्नियरने मोजत, एकूण जवळजवळ ०.३ मिलिमीटर. त्यांनी हे काम ऐन उन्हाळ्यातच करायचं असं ठरवलं होतं, आणि तो निर्णय अगदी योग्य होता. लाकूड सर्वांत आक्रसलेलं असताना कॉलर जुळवली तर बाकीच्या वर्षात ती लाकडापेक्षा उंच होण्याची भीती नाही. ओलं असताना जुळवली असती तर पुढच्या चैत्रात आम्ही पुन्हा तिथेच बसलो असतो.

त्याच संध्याकाळी ५ गोळ्या: साडेचार सेंटिमीटर, एकच गट. चार-पाच दिवसांनी अवकाळीच्या सरी आल्या, त्याआधी हे झालं हे बरं.

शेवटच्या ५ आम्ही मुद्दाम जुलै २०२५ साठी ठेवल्या होत्या. भर पावसात, दारं घासत असताना, रेंजच्या पत्र्याखाली आप्पांनी त्या झाडल्या, पहिल्या वर्षीसारख्याच एकामागून एक, न थांबता. ५ सेंटिमीटर. पाचवी गोळी पहिलीच्या बोटभर वर. पोस्टकार्डाची पट्टी दोन्ही बाजूंनी फिरली, उजवीकडे किंचित घासत, पण फिरली. ती घासते आहे हे मी आप्पांच्या कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवलं. तो कागद फेब्रुवारी २०२४ च्या कागदाखाली पेटीत गेला, आणि आता पेटीत दरवर्षी दोन कागद पडायचे ठरले आहेत: एक आखाजीचा, एक आषाढाचा.